नावावाचूनचे पूर्वज

“सगळे फोटो स्कॅन केले, आता काळजी मिटली!” असे छातीठोकपणे सांगणारे गृहस्थ हल्ली घरोघर भेटतात. कसली काळजी मिटली? ट्रंकेतला गोंधळ संगणकात गेला, एवढेच! ‘आयएमजी ४०३१’ हे काय कुणाच्या पणजीचे नाव आहे?

त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय पाहा. आडनाव आणि गाव सांगा. ते वही काढून पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वाचतात. त्यांचे बळ कागदात नाही, मांडणीत आहे. आणि आम्ही? व्हॉट्सॲपवर फोटो फिरवतो. त्यात चित्र पुसट होते, तारखेची नोंद गळते, आणि त्यालाच जतन म्हणतो!

यंत्र चेहरे जुळवील. पण पाटावर बसलेली ती मुलगी पुढे कोणाच्या घरी गेली, हे आत्याबाईच सांगतील. त्या आहेत तोवर विचारा. फाइलीला आधी वर्ष, मग गाव, मग प्रसंग द्या : ‘१९५८-वाई-मुंज’, क्रम आपोआप लागतो. फोटोची पाठही स्कॅन करा. नावे बहुधा तिथेच लिहिलेली असतात. एक प्रत परगावच्या भावाकडे ठेवा.

दिवाळीला सारे जमतातच. फराळानंतर पत्त्यांआधी हे फोटो मांडा. नाही तर नातवंडांच्या वाट्याला येईल ती अनोळखी माणसांची गर्दी!