मान डोलावण्याआधी कान तपासा

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या आपल्या मुलामुलींना इंग्रजीबद्दल विचारा. "वाचता येतं, बोलता येत नाही," हेच उत्तर मिळते. "ऐकलेलं समजतं का?" असे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. समोरचा काय म्हणाला हेच कळले नाही, तर बोलणार काय?

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण वर्गात इंग्रजीचा धडासुद्धा बऱ्याचदा मराठीतून किंवा उर्दूतून समजावला जातो. कानावर इंग्रजी पडतेच किती?

नोकरीच्या पहिल्या वर्षी परदेशी ग्राहकाबरोबरच्या कॉलवर मी अर्धवट समजूनही "ओके, ओके" म्हणायचो. एकदा समोरच्याचा 'कान्ट' मी 'कॅन' ऐकला. अमेरिकन उच्चारात शेवटचा 'ट' जवळजवळ गिळला जातो. जे करायचे नव्हते तेच करत बसलो आणि दोन दिवस वाया गेले. चूक ऐकण्यातली होती, पण त्याहून मोठी चूक मान डोलावण्याची होती.

ही सवय आपल्याला जुनी आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी मक्तबमध्ये अरबी अर्थाशिवाय ऐकली आणि पाठ केली. से, सीन आणि स्वाद यांतला फरक आपला कान बरोबर ओळखतो. म्हणजे कान तयार आहे, "याचा अर्थ काय?" हे विचारण्याची सवय मात्र लागलेली नाही. ही सवय इंग्रजीपुरतीच लावायची नाही, पण सुरुवात तिथून करता येईल.

आपण नेमके कुठे आहोत? कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषेच्या सहा पायऱ्या मांडल्या, ए१ ते सी२. ए१ म्हणजे हळू आणि स्पष्ट बोलल्यास ओळखीचे शब्द कळणे. बी१ म्हणजे ओळखीच्या विषयावरच्या स्पष्ट बोलण्यातले मुख्य मुद्दे कळणे. बी२ म्हणजे लांब भाषण आणि टीव्हीवरच्या बहुतेक बातम्या कळणे. पण नुसते मनाला विचारून पायरी ठरवू नका. सबटायटल लावून सिनेमे पाहणारा स्वतःला दोन पायऱ्या वर ठेवतो. मुलाखतीत एकदा अडखळलेली मुलगी स्वतःला दोन पायऱ्या खाली ढकलते.

म्हणून चाचणी घ्या. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम फुकट आहे आणि त्याचा लिखित मजकूरही मिळतो. त्यातली दोन मिनिटे एकदाच ऐका. आयईएलटीएसच्या परीक्षेतही एकदाच ऐकवतात. मग काय कळले ते मराठीत किंवा घरच्या बोलीत मोठ्याने सांगा. सांगता आले नाही, तर समजले नाही असे धरा. त्यानंतर मजकूर वाचा आणि निसटलेल्या जागांचे तीन ढीग करा:

पहिला, शब्दच माहीत नव्हता. इथे वाचन वाढवा.

दुसरा, शब्द माहीत होता पण बोलण्यात ओळखला नाही. इथे तेच वाक्य मजकूर समोर ठेवून पुन्हा पुन्हा ऐका.

तिसरा, शब्द कळले पण सूत्र हरवले. इथे दर अर्ध्या मिनिटाला थांबून सारांश सांगा.

तारीख घालून वहीत नोंद ठेवा आणि महिन्याने नवा भाग घेऊन पुन्हा तपासा. प्रोग्राममधली चूक शोधतानाही आम्ही हेच करतो. "माझं इंग्रजी वाईट आहे" या वाक्यावर काहीच दुरुस्त करता येत नाही. "दुसरा ढीग मोठा आहे" यावर आज रात्रीच काम सुरू करता येते. चार मैत्रिणींत एकच फोन असेल, तरी एकत्र बसून हे जमते.

आणि उद्या मुलाखतीत कळले नाही, तर सरळ म्हणा, "कृपया पुन्हा सांगाल का?" त्यात कमीपणा नाही. न समजता "हो" म्हणण्याची किंमत आपण आजवर भरपूर मोजली आहे, आणि ती फक्त इंग्रजीतच मोजली असे नाही.