गुणिले अठ्ठ्याऐंशी

दिवाळी जवळ आली की आमच्या घाटंजीत दोन प्रकारची माणसे हमखास दिसू लागतात. एक, पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडला म्हणून भावाची चौकशी करीत फिरणारी. आणि दुसरी, परदेशातून चार दिवस आईवडिलांना भेटायला आलेली. दोघांच्याही तोंडी एकच विषय असतो, कुठे काय भाव आहे. एकमेकांशी मात्र ती या विषयावर चकार शब्द बोलत नाहीत. याचे मला नेहमी नवल वाटते, कारण दोघांचा हिशोब खरे म्हणजे एकाच वहीतला आहे.

परदेशस्थांचा हिशोब सोपा. २०२५ च्या दिवाळीत डॉलर अठ्ठ्याऐंशी रुपयांच्या घरात होता, तेव्हा तिकडच्या कुठल्याही किमतीला अठ्ठ्याऐंशीने गुणायचे आणि ऐकणाऱ्याचा आ वासलेला पाहायचा. शेजारचे जावईबापू म्हणाले, “तिकडे केस कापायला पंचवीस डॉलर पडतात हो! म्हणजे बावीसशे रुपये!” त्यांच्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. इथे ऐंशी रुपयांत दाढीसकट मोकळे होऊन आलेले सासरे मात्र काही बोलले नाहीत. त्यांना तो हिशोब पटला नसावा. मलाही पटला नाही.

कारण असे की घाटंजीचा न्हावी सकाळी शिकागोला जाऊन संध्याकाळी परत येऊ शकत नाही. त्याची कात्री जिथे चालते तिथल्याच पोटापाण्यावर तिचा दर ठरतो. तिकडच्या न्हाव्याचा हात काही सत्तावीसपट चपळ नसतो. आजूबाजूच्या सगळ्यांची मजुरी चढी, म्हणून त्याचीही चढी. शिंपी, मोलकरीण, शिकवणीचे मास्तर, खाणावळीतले ताट, घरभाडे या सगळ्यांची तीच गत. या वस्तू प्रवास करीत नाहीत, म्हणून त्यांच्या किमतींना अठ्ठ्याऐंशीने गुणणे म्हणजे मैलांना शेरांनी गुणण्यासारखे आहे.

अर्थशास्त्री मंडळींना हे फार पूर्वीच उमगले. वेगवेगळ्या देशांतल्या बाजारांत त्याच त्या वस्तू काय भावाने मिळतात, याची पद्धतशीर मोजदाद १९६८ पासून चालू आहे. २०१७ सालच्या मोजणीत असे निघाले की अमेरिकेत एक डॉलरला जेवढे मिळते तेवढे आपल्याकडे सरासरीने २० रुपये ६५ पैशांत मिळते. त्या वर्षी बँकेतला डॉलर मात्र ६५ रुपये १२ पैशांचा होता. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने तर १९८६ साली विनोदाने एक गजच काढला: एका अमेरिकन उपाहारगृहाचा ‘बिग मॅक’ नावाचा पाव कोणत्या देशात किती पैशांना पडतो ते पाहायचे. गंमत म्हणजे तो पाव गोमांसाचा असल्यामुळे आपल्याकडे त्याच्या जागी कोंबडीचा ‘महाराजा मॅक’ धरावा लागला. गज बदलला तरी मोजणी चालू!

माझा स्वतःचा गज निराळा आहे. वस्तूची किंमत पैशांत न विचारता घामात विचारावी. २०२४ च्या सप्टेंबरात आयफोन १६ बाजारात आला, तो अमेरिकेत ७९९ डॉलरला, वर तिकडचा विक्रीकर. आणि आपल्याकडे ७९,९०० रुपयांना. तेव्हाच्या दराने रुपये केले तर तिकडची किंमत सदुसष्ट हजारांच्या आसपास येते, म्हणजे आपल्यालाच तो महाग. पण खरा फरक पुढेच आहे. अमेरिकेतली केंद्र सरकारची किमान मजुरी २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर ठरलेली. त्या हिशोबाने सगळ्यांत कमी मजुरीचा माणूस आठ-आठ तास राबला तर चौदा दिवसांत फोन घेईल. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. ती घेणाऱ्याला तोच फोन २६९ दिवसांना पडतो. जेवायचे नाही, नेसायचे नाही, आणि जवळजवळ नऊ महिने काम! तेवढ्यात घरी पाळणा हलतो.

सांगायचा मुद्दा, ज्या वस्तूंना पाय आहेत त्यांचा भाव जगभर जवळजवळ एक, आणि ज्यांना पाय नाहीत त्यांचा भाव ज्या त्या गावचा. आता आमच्या कापसाला पाय आहेत.

आठवडी बाजारात भेटलेला एक कास्तकार मला म्हणाला, “भाऊ, थो अमेरिकेचा भाव आपल्याले काहून लागते? म्या तं तिकडं काही पेरलं नाही.” प्रश्न बिनतोड होता. एके काळी तो भाव त्याला खरोखरच थेट लागत नव्हता. १९७२ पासून राज्य सरकारची एकाधिकार खरेदी होती. घाटंजीचा दर मुंबईत ठरे आणि शिव्याही मुंबईलाच देता येत. पुढे खाजगी व्यापाऱ्यांना दार उघडले, आणि शिव्या द्यायला न्यूयॉर्क फार लांब पडते. तिथल्या वायदेबाजारात रुईचा भाव पौंडाला सेंटांत बोलतात. २०११ च्या मार्चमध्ये तो दोनशे सेंटांच्या वर गेला होता. २०२५ च्या दिवाळीत पासष्टच्या आसपास होता. त्यातच केंद्र सरकारने त्या वर्षीच्या १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरची ११ टक्के जकात उठवली आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमके वेचणीचे दिवस. गिरण्यांची सोय झाली हे खरे. पण आमच्या इथे गाडी बाजारसमितीत उभी होती तेव्हाच झाली.

भाव एक असला तरी रान एक नाही. आपल्या देशात हेक्टरी सरासरी साडेचारशे किलोच्या आसपास रुई निघते, ब्राझीलमध्ये तिच्या चौपट. तिकडे यंत्र वेचते. इथे बायाबापड्या ओटी बांधून बोंडाबोंडातून बोटांनी काढतात. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सरकारी पैसा देते, म्हणून २००२ साली ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत फिर्याद केली, जिंकली, आणि २०१४ साली तीस कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. त्यातला एक सेंटही वाघाडीच्या की पैनगंगेच्या काठी आला नाही, हे सांगायला नकोच.

जावईबापूंच्या अंगात एक सुती सदरा होता, तिकडे चाळीस डॉलरला घेतलेला. मी कागद घेऊन बसलो. सदऱ्याला घट धरून पाव किलो रुई लागते. क्विंटलभर कापसात रुई चौतीस किलोच्या आसपास, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे सदऱ्यामागे सुमारे पाऊण किलो कापूस. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तो पुरा मिळाला असे धरले तरी कास्तकाराचे साठ रुपये झाले. तसलाच सदरा यवतमाळात सातशेला मिळतो, तेव्हाही साठच. जावईबापूंच्या गुणाकाराने तो ३,५२० रुपयांचा झाला, तरीही साठच. मधले बाकीचे पैसे सूतगिरणीचे, शिलाईचे, जहाजाचे आणि सगळ्यांत जास्त तिकडच्या दुकानाच्या भाड्याचे, उजेडाचे आणि घडी घालून देणाऱ्या पोरीच्या पगाराचे. सदऱ्यात कापूस थोडा आणि केस कापणेच फार, असे मी म्हणालो तेव्हा जावईबापू हसले, आणि त्यांनी कॉलर चाचपून पाहिली.

सासऱ्यांनी मात्र कागद माझ्या हातून घेतला. ते जुने जिनिंगमधले. म्हणाले, “साठ कसे? सरकी काय सदऱ्यात शिवते का? तिचे पैसे त्यातून काढा.”