तुसातली खपली

गिरणीत फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "खपली खाल्ली की शुगर कमी होते का हो?" मी सांगते, औषध डॉक्टरांकडून घ्या, पीठ आमच्याकडून. दुसरा प्रश्न ग्लूटेनचा. खपली हाही गहूच, त्यामुळे त्यात ग्लूटेन असतंच. हे ऐकून काही जण फोन ठेवतात, ठेवू देत.

आपल्या बेळगावकडच्या घरांत खपली नवी नाही. सणावाराला आजीने केलेली खपलीची खीर किंवा शेजारच्या कन्नड घरातून आलेली हुग्गी तुम्ही खाल्लीच असेल. कन्नडमध्ये हिला 'जवे गोधी' म्हणतात. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने हिच्या सुधारित जातीही काढल्या आहेत. तरी शेतकरी हिच्याकडे सहज वळत नाही, कारण मळणी झाली तरी हिचं तूस सुटत नाही. साधा गहू मळला की बाजारात नेता येतो. खपली आधी भरडायला लागते, आणि शंभर किलोतून हातात येतात जेमतेम पासष्ट किलो. एक-दोन एकरवाला माणूस हे यंत्र कुठून आणणार? म्हणून बाबांच्या दळणाच्या गिरणीला आम्ही भरडणीचं यंत्र जोडलं. लहान शेतकऱ्यांकडून तुसासकट माल घ्यायचा, वजन झालं की निम्मे पैसे द्यायचे आणि उरलेले गणपतीनंतर. नफा उरला तर तो पुढच्या हंगामाच्या बियाण्याला. कागदावर हे फार छान दिसतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ऑर्डरी वाढल्या. पावसाळ्यात यंत्र बंद पडलं तर पंचाईत नको म्हणून मी बराचसा माल एकदम भरडून ठेवला. जुलैत पोती उघडली तर सोंडेकिडे! चिठ्ठी पाहिली, रायबागकडच्या एका अण्णांचा माल. त्यांच्या घरूनच कीड आली असणार, असं मी ठरवून टाकलं. गणपतीनंतरच्या हिशोबात त्यांचे 3,000 रुपये कापले. फोनवर ते एवढंच म्हणाले, "बरं ताई." मला वाटलं, चूक कबूल केली.

दसऱ्याच्या आधी त्यांचीच उरलेली चार पोती भरडायला काढली. ती तुसासकट तशीच पडून होती. हात घातला, चाळून पाहिलं, एक किडा नाही. शेत तेच, गाडी तीच, कोठीही तीच. फरक एवढाच की या दाण्यांवरचं तूस शाबूत होतं. खपलीचं तूस म्हणजे तिचा रेनकोट. तो मेमध्ये काढून, ऐन पावसाळ्यात दमट कोठीत दाणे उघडे ठेवले होते मी. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग फोन कशाला करतेस, जा की."

गेले. अण्णा शेतातच होते. पैसे दिले, माझंच चुकलं होतं असं सांगितलं. त्यांनी नोटा न मोजता खिशात घातल्या आणि चहा सांगितला. मग बांधापलीकडे हात केला. दोन एकरांतल्या एकात सऱ्या पाडून झाल्या होत्या, उसाचं बेणं येऊन पडलं होतं. म्हणाले, "ऊस कारखान्याला जातो. पैसे उशिरा येतात, पण किडा लागला म्हणून कोण कापत नाही बघा." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला परतीचा रस्ता जरा सोपा गेला असता.

आता आम्ही आठवड्याला लागेल तेवढंच भरडतो. पीठ तर ऑर्डर आल्यावरच दळतो, कारण अंकुरासकट दळलेलं पीठ फार दिवस टिकत नाही, त्यातल्या तेलाने खवट होतं. यंत्र पावसाळ्यात दोनदा बंद पडलं आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. आणि कुणाचा माल खराब निघाला, तर पोती त्या शेतकऱ्यासमोर उघडल्याशिवाय एक रुपयाही कापायचा नाही, असं ठरवलंय.

उरलेल्या एका एकराची खपली अण्णांनी मार्चमध्ये आणली. पूर्वी पोती उतरवून ते बाबांशी गप्पा मारत बसायचे. यंदा प्रत्येक पोत्याला काट्यापाशी उभे राहिले आणि आकडे स्वतःच्या वहीत लिहून घेतले. मी खुर्ची देऊ केली. नको म्हणाले.