कोनशिलेवर माल चढत नाही

भोकरदन तालुक्यातील धावड्याच्या शेतकऱ्याने समुद्र कदाचित पाहिलाही नसेल. परंतु त्याच्या मिरचीला परदेशचे गिऱ्हाईक लाभेल की नाही, याचा निवाडा न्हावाशेव्याच्या धक्क्यावर होत असतो. 1989 साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर जालन्याहून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. हे अंतर कोणालाही कमी करता येणार नाही. त्यापायी वाया जाणारा वेळ मात्र खचित वाचविता येईल. सीमाशुल्काची तपासणी जालन्यातच उरकावी, कंटेनरला तेथेच मोहोर लागावी आणि तो आगगाडीने थेट धक्क्यावर पोहोचावा, हीच शुष्क बंदरामागील कल्पना होय.

या कामाची कोनशिला 25 डिसेंबर 2015 रोजी बसली. समृद्धी महामार्गाची घोषणाही त्याच वर्षीची. 701 किलोमीटरचा तो रस्ता 5 जून 2025 रोजी संपूर्ण खुला झाला, तेव्हाही जालन्याच्या बंदरातून मालगाड्यांची नियमित ये-जा सुरू झालेली नव्हती. असे का व्हावे? रस्त्याची जबाबदारी एका महामंडळाच्या शिरावर होती. येथे बंदर प्राधिकरण, रेल्वे, सीमाशुल्क खाते आणि राज्य शासन असे अनेक धनी. आणि बारभाईंच्या कारभारात जाब कोणाला विचारावयाचा, हेच कळत नाही.

आणखी एका गोष्टीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांसाठी परदेशी भंगार ज्या कंटेनरांतून येते, त्यांतून परतीच्या खेपेस कापूस वा बियाणे जाऊ शकेल. मिरची जाऊ शकणार नाही. तिला शीतपेटी हवी, त्या पेटीला अखंड वीज हवी आणि गाडीला ठरलेली वेळ हवी. शिवाय दोन एकरांचा शेतकरी एकटा अशी पेटी भरणार कशी? अनेकांचा माल एकत्र करून, निवडून, थंड करून भरण्याची सोय धावड्यासारख्या गावांच्या जवळ झाली नाही, तर शुष्क बंदर हे केवळ कारखानदारांचे गोदाम ठरेल.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. या कामाला एकच जबाबदार अधिकारी नेमा, गाड्यांचे वेळापत्रक जाहीर करा आणि शीतगृहाला दुय्यम मानू नका. मिरची खात्यांच्या पत्रव्यवहारासाठी थांबत नाही. ती सडते, आणि तिच्याबरोबर एका कुटुंबाची वर्षभराची मेहनत मातीमोल होते.