लुना, तवंदी घाट आणि घरचा ब्रेक

१९८४ साली माझी नोकरी संकेश्वरला आणि बिऱ्हाड निपाणीत. मधे तवंदीचा घाट. एस.टी. चुकायची म्हणून जुनी लुना घेतली. लुना १९७२ सालापासूनची, ५० सीसीची, पायडल असलेली. चढाला धापा टाकायला लागली की आपण पायडल मारून हात द्यायचा, म्हणजे पाय द्यायचा!

त्या इंजिनाचं मला वेड लागलं. रविवार उजाडला की अंगणात पोतं अंथरून मी बसलोच. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, पॉइंटचं अंतर बघायचं, सायलेन्सर जाळून आतला कार्बन झाडायचा. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम, जास्त पडलं की प्लग काळा. दोनदा रिंगा बदलल्या, एकदा बोअर केलं. शेजारी कौतुकानं बघायचे.

सौभाग्यवती मात्र दारात उभी राहून एकच विचारायची, "ब्रेक बघितलासा काय ओ?"

मी हसायचो. बाईमाणसाला इंजिनातलं काय कळतंय, असं मनात. आज लिहायला लाज वाटते, पण तेव्हा वाटायचं खरं.

एका पावसाळी संध्याकाळी घाट उतरत होतो. उताराला थ्रॉटल सोडला तरी टू-स्ट्रोक इंजिन गाडीला फारसं धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर. आणि माझे ब्रेक-शू गुळगुळीत झालेले, केबलचे दोन धागे तुटलेले. मागून ट्रकचा हॉर्न. लिव्हर मुठीला टेकलं तरी गाडी थांबेना. चपला रस्त्याला घासत कडेच्या चिखलात घातली म्हणून वाचलो. गुडघा फुटला. इंजिन मात्र चिखलात आडवं पडूनसुद्धा झकास चालू होतं!

घरी हळद लावताना ती एवढंच म्हणाली, "इंजिन बंद पडलं तर ढकलत येतासा. ब्रेक लागला नाही तर कसं येणार ओ?"

हे आता आठवायचं कारण माझा भाचा. बेळगावात असतो. त्यानं ऑनलाइन इंजिनाचं किट मागवून सायकलीला बसवलंय, ८० सीसी म्हणे. आमचे सगळे पुरुष व्हिडिओ बघून खूश, सूनबाई तेवढी रडकुंडीला. मी सूनबाईच्या बाजूचा आहे, आणि उगीच नाही. सायकलीचा फोर्क, रिम, ते रबरी ब्रेक हे सगळं माणसाच्या पायाच्या जोरासाठी केलेलं. चाळीसच्या वेगाला ते पुरत नाही. शिवाय २५ सीसीच्या वर इंजिन गेलं की कायद्यानं ती सायकल राहत नाही, मोटार वाहन होते. नोंदणी, लायसन, विमा सगळं लागतं. उद्या कुणाला धडकला तर भरपाई कोण देणार?

छंदाला माझी ना नाही. अंगणात किट खोल, जोड, शिक. मीही तसाच शिकलो. पण रस्त्यावर न्यायचं तर नोंदणी असलेली गाडी घे, आणि रविवारी पहिला पाना ब्रेकला लाव.

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. "मामा, इंजिन एकदम स्मूथ आहे ओ," म्हणाला. मी फोन मामीकडे दिला.