स्वस्ताई कोणाच्या घामाची?



देशादेशांचे राहणीमान मोजण्याची एक पट्टी जागतिक बँकेकडे आहे. नुसत्या डॉलरच्या दराने मोजले तर गरीब देश फारच खाली दिसतात. म्हणून धान्य, कापड, घरभाडे, हजामत यांचे त्या त्या देशातले भाव गोळा करतात आणि जिथे स्वस्ताई, तिथल्या उत्पन्नाचा आकडा वाढवून धरतात. हिशेब खोटा नाही. भिवंडीत मागावर बारा तास उभा राहणारा कारागीर न्यूयॉर्कच्या भावाने जेवत नाही, गल्लीतल्या खानावळीत जेवतो.

पण ते ताट स्वस्त का? त्यातली तूर आमच्या कपाशीच्या ओळींमधली, आणि ती आम्ही तोट्यात विकली म्हणून. त्या कारागिराचा रोजही त्याच ताटाच्या आधाराने कमी ठेवता येतो. म्हणजे आमचा तोटा पुस्तकात देशाची क्रयशक्ती म्हणून जमा!

पश्चिम आफ्रिकेतला माली पाहा. आपल्यासारखाच कोरडवाहू कापूस, ज्वारी, बाजरी. तिथे कापूस घेणारी सरकारी कंपनी एकच, देशभर भाव एकच. 1972 च्या आपल्या एकाधिकार खरेदीचे भावंडच म्हणा. 2020 साली तिथे किलोला 250 फ्रँक भाव जाहीर झाला, म्हणजे क्विंटलला साधारण सव्वातीन हजार रुपये. आपल्याकडे त्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव 5,515 होता. बाबू लोक म्हणतील, बघा, तुम्ही किती सुखी! मालीच्या शेतकऱ्याने मात्र असली तुलना केली नाही. त्याने खताचा आणि घरखर्चाचा हिशेब केला आणि कपाशी पेरलीच नाही. पीक आदल्या वर्षाच्या पाव हिश्श्याखाली आले. पुढच्या वर्षी भाव 280 झाला.

2003 साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार लहान देशांनी जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तक्रार मांडली. दिल्ली एवढ्या मोठ्या देशाची राजधानी. तिने ऑगस्ट 2025 मध्ये, आपला कापूस बाजारात यायच्या तोंडावर, आयातीवरचे 11 टक्के शुल्क उठवले आणि सवलत 31 डिसेंबरपर्यंत लांबवली. कारण काय, तर कापडवाल्यांना कापूस महाग पडतो.

महाग? क्विंटल कापसाची रुई निघते 34 किलोच्या आसपास. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव 8,110. सरकीचे पैसे वजा न करता आणि सुताची घट धरूनही एका शर्टात आमचा कापूस साठ-सत्तर रुपयांचा. दुकानातली चिठ्ठी तुम्ही पाहिलीच असेल.

बैठकीला येताना घरचा हिशेब आणा. दहा वर्षांपूर्वी एका क्विंटल कापसात खताची किती पोती येत, वेचणीचे किती रोज भागत, दवाखान्याच्या किती फेऱ्या होत. आणि आज किती होतात. वेचणाऱ्या बाईचा रोज वाढला याबद्दल तक्रार नाही, तो अजून वाढायला हवा. आकडे गाववार लिहून आणा, फलकावर मांडू.