ब्रेक ऑइलची खातरजमा

ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटच्या ५.१२५ किलोमीटर लांबीच्या धावपट्टीवर जो हौशी चालक आपली स्पोर्ट्स कार घेऊन उतरतो, त्याला काही वेगवान फेऱ्यांनंतर पेडल दाबावे आणि ते विनाप्रतिकार तळाला जावे, असा जो भीषण अनुभव येण्याचा संभव असतो, त्याचे मूळ पुष्कळदा चकतीत वा पॅडमध्ये नसून नळीतल्या ब्रेक ऑइलमध्ये असते. हे द्रव्य आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि मग पायाचा दाब वाफ दाबण्यातच खर्ची पडतो.

हा तपशील वर्धेकरांपुढे मांडण्याचे प्रयोजन असे की, आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकने पचवावयाची ऊर्जा चौपट होते. सरळ रस्त्यावर ब्रेक क्वचितच लागत असल्याने ऑइलमधली कसूर महिनोन् महिने लपून राहते. मला भय वाटते ते याचेच. पॅडची चौकशी करणारे पुष्कळ, ऑइलची करणारे विरळा. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, दर दोन वर्षांनी, आणि धावपट्टीवर जाणाऱ्याने प्रत्येक मोसमापूर्वी, ते बदलावे, चारही चाकांच्या ब्रेक-नळ्यांतली हवा काढून घ्यावी, आणि नवे ऑइल सीलबंद डब्यातूनच ओतले जात आहे याची खातरजमा गॅरेजात स्वतः उभे राहून करावी.